एकही होमरन नसलेला एप्रिल

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: ज्याच्याकडून फार अपेक्षा आहेत असा नवखा आउटफिल्डर (मैदानाच्या मागच्या भागातला क्षेत्ररक्षक) मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वात वरच्या बेसबॉल लीगच्या, पहिल्या मोसमात नेमका कसा खेळतो, आणि पहिल्या महिन्याच्या आकड्यांवरून त्याचं पुढे काय होणार हे कळतं का?

मी बेसबॉलमधला तज्ज्ञ वगैरे नाही. डोंबिवलीत टेनिस बॉलवर वाढलो, नोकरीपायी सिअॅटलजवळ बेलव्ह्यूला येऊन पडलो, आणि उन्हाळ्यात संध्याकाळी करायला दुसरं काही नव्हतं म्हणून बेसबॉल बघायला लागलो. पण २०२२ साली एका मुलाचा पहिला मोसम मी जवळपास सगळा पाहिला, काही सामने मैदानात आणि बाकीचे टीव्हीवर. तेवढ्या भांडवलावर सांगतो.

तो मुलगा म्हणजे सिअॅटल मरिनर्सचा हुलिओ रॉड्रिगेझ. डोमिनिकन रिपब्लिकमधल्या लोमा दे काब्रेरा या हैतीच्या सीमेलगतच्या गावचा. सोळाव्या वर्षी, २०१७ मध्ये, मरिनर्सने साडेसतरा लाख डॉलर देऊन त्याला करारबद्ध केलं. म्हणजे आपल्याकडे मुलं दहावीचा निकाल घेऊन फिरतात त्या वयात. पुढची पाच वर्षं इथला प्रत्येक माणूस ‘हुलिओ येतोय’ एवढंच म्हणत होता. २०२१ मध्ये तो आधी एव्हरेटला खेळला (सिअॅटलच्या उत्तरेला, गाडीने पाऊण तास), मग एक पायरी वर आर्कान्सात. दोन्हीकडची मिळून सरासरी .३४७. मधल्या काळात टोकियो ऑलिम्पिकला जाऊन कांस्यपदकही घेऊन आला. मेजर लीगच्या लगेच खालची पायरी, ज्याला ट्रिपल-ए म्हणतात, ती तो खेळलाच नाही. एकदम वर.

क्रिकेटवाल्यांसाठी एक खुलासा. बेसबॉलमधली .३०० सरासरी म्हणजे बॅटिंगच्या दहा पाळ्यांत तीन हिट (फटका मारून बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या थांब्यावर, पोचणं), आणि ती उत्तम समजली जाते. .२५० बरी. .२०० च्या आसपास घुटमळणाऱ्याला लोक बसवायची भाषा करतात.

८ एप्रिल २०२२ ला मिनेसोटात त्याचा पहिला सामना झाला आणि महिनाभर बॅट जवळजवळ गप्प राहिली. एप्रिलअखेर सरासरी .२०० च्या जरा वर, होमरन (चेंडू थेट भिंतीपलीकडे, आपल्या षटकारासारखा) शून्य आणि स्ट्राइकआउट (तीन संधी हुकून बाद) तीस. बावीस दिवसांत तीस वेळा माणूस मान खाली घालून परत येतो हे बघवत नाही, खरं सांगतो.

असं का होतं, याची दोन कारणं मला दिसली. पहिलं सगळ्यांना माहीत असतं. खालच्या लीगमध्ये एखाद्या पिचरकडे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याकडे, वेग असतो, एखाद्याकडे वळण असतं, नेम कधी असतो कधी नसतो. वरच्या लीगमध्ये तिन्ही एकाच माणसाकडे असतात, आणि तो दमला की आतून दुसरा ताज्या दमाचा येतो. पिचरच्या उंचवट्यापासून होम प्लेट (जिच्याशेजारी बॅटर उभा राहतो) १८.४४ मीटरवर. ताशी दीडशे किलोमीटरचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत येऊन पोचतो, टप्पा पडून नव्हे, थेट. शिवाय प्रत्येक संघाकडे नव्या पोराच्या प्रत्येक चेंडूचं चित्रण असतं. कुठला चेंडू त्याला दिसत नाही हे पंधरा दिवसांत सगळ्या लीगला ठाऊक होतं.

दुसरं कारण आपल्यासारख्यांना समजायला वेळ लागतो. क्रिकेटमध्ये ऑफ स्टंपच्या बाहेरचा चेंडू सोडला तर काही बिघडत नाही. सोडणारा शहाणा ठरतो. बेसबॉलमध्ये सोडलेल्या चेंडूचाही निकाल लागतो: होम प्लेटच्या वरच्या काल्पनिक चौकटीतून गेला असं पंचाला वाटलं तर स्ट्राइक, बाहेरून गेला तर बॉल. तीन स्ट्राइक झाले की बाद, चार बॉल मिळाले की फुकट पहिला बेस, त्याला वॉक म्हणतात. आता चौकटीच्या कडेचा, दोन बोटं बाहेरचा चेंडू कुणाच्या पदरात पडणार? इथले जुने प्रेक्षक सांगतात की नावाजलेला बॅटर असेल तर त्याच्या, नवखा असेल तर पिचरच्या. हुलिओच्या बाबतीत त्या एप्रिलमध्ये हे इतक्या वेळा झालं की वर्तमानपत्रांत त्यावर लेख आले. टीव्हीवर चौकट आखलेली दिसते, चेंडू स्वच्छ बाहेर, आणि पंचाचा हात वर. माझी बायको, जिला या खेळात काडीचा रस नाही, तीसुद्धा एकदा म्हणाली, “अरे, बाहेर होता की तो!”

अशा वेळी नवखा माणूस काय करतो? बाहेरचा चेंडूही स्ट्राइक ठरतोय म्हटल्यावर तो बाहेरचेही मारायला जातो, आणि पिचरला तेच हवं असतं. चेंडू प्रत्येक वेळी आणखी चार बोटं बाहेर पडत जातो आणि बॅटर त्याच्यामागे वाहवत जातो. किंवा मग तो बॅट आखडती घेतो, नुसता चेंडूला लागावी म्हणून. हुलिओने दुसरी गोष्ट केली नाही एवढं मी खात्रीने सांगू शकतो. स्विंग पहिल्या दिवसासारखाच पूर्ण राहिला. पहिली गोष्ट त्याने कधीच केली नाही असं मात्र म्हणणार नाही. खाली बाहेर पळणारा स्लायडर (वेगात वळणारा चेंडू) त्याला वर्षभर फसवत राहिला. मोसमाअखेर त्याच्या नावावर १४५ स्ट्राइकआउट आणि अवघे ४० वॉक होते. त्याला फार संयमी म्हणता येणार नाही.

मग तो टिकला कशावर? तुम्ही ‘आउटफिल्डर’ असं नेमकं विचारलंय म्हणून मुद्दाम सांगतो. आउटफिल्डरकडे बॅटखेरीज दोन कामं असतात: पळणं आणि झेलणं. हुलिओ मोठ्या चणीचा आहे. तो पुढे उजव्या कोपऱ्यात, म्हणजे राइट फिल्डला, जाईल असंच बहुतेकांचं भाकीत होतं. सेंटर फिल्ड, म्हणजे आउटफिल्डचा मधला भाग, ही पळणाऱ्यांची जागा. त्याने वेगावर मेहनत घेतली आणि सरावशिबिरातच सेंटर फिल्ड पटकावलं. एप्रिलमध्ये बॅट चालत नव्हती तेव्हाही तो बेसवर पोचला की चोरी करायचाच (म्हणजे फटक्याची वाट न बघता पुढच्या बेसवर पळायचा), आणि चोरलेल्या बेसच्या यादीत महिनाभरात अगदी वरच्या लोकांत जाऊन बसला. मागच्या भिंतीकडे पाठ करून पळत घेतलेले झेल वेगळेच. .२०० वाला माणूस रोज अकरापैकी (चुकलो, नऊपैकी) एक म्हणून खेळवायला मॅनेजरला सबब लागते, आणि ती सबब त्याने पायांनी दिली.

याच्या उलट गोष्ट त्याच संघात, एकच वर्ष आधी घडली होती. जॅरेड केलनिक हाही आउटफिल्डर, हाही भावी तारा, आणि कित्येकांच्या मते हुलिओच्या बरोबरीचा. मे २०२१ मध्ये वर आला आणि ओळीने ३९ वेळा एकही हिट नाही अशा खड्ड्यात सापडला. जूनमध्ये खाली पाठवला, पुन्हा आणला, आणि वर्षअखेर सरासरी .१८१. त्याच्या अंगात कौशल्य कमी होतं असं मला कधीच वाटलं नाही. पण प्रत्येक अपयश त्याच्या चेहऱ्यावर, खांद्यांवर दिसायचं, आणि झेल घेतानाही मागचा स्ट्राइकआउट त्याच्या डोक्यात असावा असं वाटायचं. (पुढे २०२३ मध्ये बाद झाल्याच्या रागात त्याने पाण्याच्या कूलरला लाथ घातली आणि पायाचं हाड मोडून घेतलं.) केलनिककडे बघून हुलिओबद्दल धास्तावलेले बरेच लोक तेव्हा सिअॅटलमध्ये होते. मीही त्यातलाच.

आणखी एक गोष्ट विसरू नये. फेब्रुवारी २०२१ मध्ये मरिनर्सचे तेव्हाचे अध्यक्ष केव्हिन मॅदर एका रोटरी क्लबच्या ऑनलाइन बैठकीत बोलताना हुलिओच्या इंग्रजीबद्दल उणं बोलून गेले, आणि खेळाडूंना कधी वर आणायचं यामागचे पैशांचे हिशेबही उघडपणे सांगून बसले. चित्रफीत बाहेर आली आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. हुलिओ तोवर दुभाष्याशिवाय इंग्रजीत मुलाखती देत होता. परक्या भाषेत मीटिंगमध्ये तोंड उघडताना पोटात गोळा येणाऱ्या आमच्यासारख्यांना तो पोरगा त्या दिवसापासून आपला वाटायला लागला, हे कबूल करायला हरकत नाही.

पहिला होमरन १ मे रोजी मायामीत आला. समोर सँडी अल्कांतारा, हाही डोमिनिकनच, आणि त्याच वर्षीचा नॅशनल लीगचा सर्वोत्तम पिचर (मेजर लीगचे दोन भाग: नॅशनल लीग आणि मरिनर्सची अमेरिकन लीग). चेंडू साडेचारशे फूट गेला. एवढ्या तगड्या गोलंदाजाला... पिचरला म्हणायचंय, सवय जात नाही. त्यानंतर मे आणि जूनमध्ये गाडी अशी सुसाट सुटली की एप्रिल खरंच झाला होता का अशी शंका यावी. पंचांचे हातही जरा कमी वर जायला लागले असं मला वाटलं, पण तो कदाचित माझा पक्षपात असेल.

जुलैत मरिनर्सनी ओळीने १४ सामने जिंकले. त्याच महिन्यात लॉस एंजलिसला ऑल-स्टार, म्हणजे निवडक ताऱ्यांच्या सामन्याच्या, आदल्या दिवशीच्या होमरन स्पर्धेत हुलिओने तीन फेऱ्यांत मिळून ८१ चेंडू बाहेर भिरकावले आणि अंतिम फेरीत हुआन सोतोकडून १९-१८ असा हरला. सिअॅटलबाहेरच्या लोकांनी त्याचं नाव बहुधा त्या रात्रीच पहिल्यांदा नीट ऐकलं. माझ्यासाठी ती स्पर्धा म्हणजे नुसती आतषबाजी. नेट प्रॅक्टिसवरून फलंदाज ओळखू नये.

दुखापतींनी मात्र त्याला सोडलं नाही. जुलैअखेर मनगटावर चेंडू बसला, सप्टेंबरमध्ये पाठ धरली. १६२ पैकी १३२ सामने मिळाले. त्यात .२८४ सरासरी, २८ होमरन, २५ चोरलेले बेस. पदार्पणाच्याच मोसमात दोन्हींत पंचविशी गाठणारा तो मेजर लीगच्या इतिहासातला पहिला. अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरवताना ३० पैकी २९ मतदारांनी त्याला पहिली पसंती दिली. आणि हे सगळं व्हायच्या आधी, ऑगस्टमध्येच, क्लबने त्याच्याशी करार करून टाकला: खात्रीचे साधारण २१ कोटी डॉलर, आणि सगळी कलमं त्याच्या बाजूने लागली तर ४७ कोटी. त्या मोसमात त्याचा पगार होता लीगचा किमान, सात लाख डॉलरच्या घरातला.

इथे कुणी इचिरो सुझुकीचं उदाहरण देईल, तर ते घेऊ नका. इचिरो याच मैदानावर २००१ मध्ये ‘नवखा’ म्हणून उतरला आणि .३५० काढून गेला, एप्रिलबिप्रिल काही आडवा आला नाही. पण तेव्हा तो २७ वर्षांचा होता आणि जपानमध्ये ओळीने सात वर्षं फलंदाजीचा राजा होता. आधी मेजर लीगमध्ये १३० पेक्षा जास्त ॲट-बॅट (बॅटिंगच्या मोजल्या जाणाऱ्या पाळ्या) झालेले नसले की कागदोपत्री नवखा, असा मुख्य नियम आहे. २०२२ च्या पहिल्या घरच्या सामन्याआधी मानाचा चेंडू इचिरोने टाकला आणि तो झेलायला हुलिओ बसला होता. निवृत्त माणूस, पण चेंडू असा सणसणीत टाकला की हुलिओच हसायला लागला.

तर पहिल्या महिन्याच्या सरासरीवरून काही कळतं का? माझ्या मते जवळजवळ काही नाही. तुम्ही ज्या कुणा मुलावर डोळा ठेवून आहात त्याची सरासरी जूनपर्यंत झाकून ठेवा. बाद होऊन परतल्यावर पुढच्याच डावात मैदानात उभा असताना तो चेंडूकडे पहिलं पाऊल किती लवकर टाकतो ते बघा. दोन स्ट्राइक झाल्यावर त्याचा स्विंग आखडतो का ते बघा. हे टीव्हीवर नीट दिसत नाही. शक्य असेल तर स्वस्तातलं आउटफिल्डमागचं तिकीट काढा.

मरिनर्स त्या वर्षी, २०२२ मध्ये, २१ वर्षांनी प्लेऑफमध्ये (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत) पोचले. टोरांटोत ८-१ असे मागे पडून १०-९ जिंकले. मग १५ ऑक्टोबरला घरच्या मैदानावर ह्यूस्टनविरुद्धचा सामना, हरलो तर घरी. मी होतो तिथे. दुपारी एकला सुरू झालेला सामना नेहमीचे नऊ डाव झाले तरी ०-०. बरोबर नेलेले मेथीचे पराठे तोवर संपले होते. बारा डाव, पंधरा डाव, तरी ०-०. अठराव्या डावात ह्यूस्टनच्या हेरेमी पेन्याने चेंडू भिंतीपलीकडे टाकला. चेंडू सेंटर फिल्डच्या डोक्यावरून गेला आणि हुलिओ भिंतीपर्यंत पळत गेला. सहा तास बावीस मिनिटांच्या खेळात ती एकच धाव झाली. पेन्याचाही तो पहिलाच मोसम होता.