जुना लॅपटॉप अ‍ॅम्प्लिफायरला जोडून गाणी स्ट्रीम करायची आहेत. हेडफोन जॅक पुरेल की वेगळा डॅक (डिजिटल आवाजाचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारं उपकरण) घ्यावा?

साधा यूएसबी डॅक घ्या. लॅपटॉप जुना असला तरी चालेल. स्ट्रीमिंगला प्रोसेसरची ताकद फारशी लागत नाही. खरी अडचण जॅकची असते. त्यामागचं सर्किट मदरबोर्डवरच, पंखा आणि प्रोसेसरच्या शेजारी बसतं, म्हणून माउस हलवला की स्पीकरमधून बारीक चिरचिर येऊ शकते. डॅकमध्ये डिजिटलचं अ‍ॅनालॉग लॅपटॉपच्या बाहेर होतं. चार्जर लावल्यावरच घुंऽऽ असा आवाज येत असेल तर ते बहुधा ग्राउंड लूप, म्हणजे दोन्ही उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा नको असलेला प्रवाह. अशा वेळी, दोन्हीकडे सोय असेल तर, ऑप्टिकल केबल वापरा. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जातच नाही.

डॅक लावल्यावर एक सेटिंग मात्र बघाच. विंडोज सगळे आवाज एकत्र मिसळून एकाच ठरलेल्या सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे किती नमुने, तो आकडा) आणतं. तो ४८ किलोहर्ट्झ असेल, तर सीडी दर्जाचं ४४.१ किलोहर्ट्झचं गाणं वाटेत बदललं जातं. साउंड सेटिंगमध्ये डॅकच्या प्रॉपर्टीजमधल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' टॅबवर तो बदलता येतो. अ‍ॅपमध्ये एक्सक्लुझिव्ह मोड (डॅक फक्त त्याच अ‍ॅपच्या ताब्यात देणारी सोय) असेल तर तोच चालू करा, म्हणजे मेसेजची टिंगटिंगही मध्ये येणार नाही. (फरक कानाला कळेलच असं नाही, पण फुकट आहे.)

तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरला मागे यूएसबी-बी किंवा ऑप्टिकल इनपुट असेल तर डॅक त्याच्या आतच आहे. मग फक्त केबल घ्या. यूएसबी-ए पोर्ट मात्र बहुतेकदा पेनड्राइव्हसाठी असतो, त्याला लॅपटॉप जोडून उपयोग नाही.