व्हिक्टोरिया राणीच्या काळात अजबखान्यांची जाहिरात कशी करायचे? लोकांचा त्या थापांवर विश्वास कसा बसायचा?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. लोकांचा विश्वास बसलाच पाहिजे असा या मंडळींचा आग्रह नव्हता. वाचणाऱ्याच्या मनात 'खरं असेल का हो?' एवढं आलं की त्यांचं काम झालं. तिकीट त्या शंकेवर खपायचं.

न्यूयॉर्कच्या पी. टी. बार्नम या खेळवाल्याचं उदाहरण घेऊ, कारण त्याने आपल्या युक्त्या आत्मचरित्रात स्वतःच सविस्तर लिहून ठेवल्यात. ब्रॉडवे आणि ॲन स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचं जुनं म्युझियम त्याने १८४१ साली विकत घेतलं आणि १८६५ च्या आगीत ते जळेपर्यंत चालवलं. तिकीट २५ सेंट. आत पेंढा भरलेले प्राणी, जिवंत प्राणी, मेणाचे पुतळे, सगळी खिचडी.

आमचा घरचा छापखाना होता. लहानपण छपाईचे खिळे, म्हणजे सुटी अक्षरं, ठेवायच्या कप्प्यांपुढे गेलं, म्हणून त्या काळची हँडबिलं स्क्रीनवर मोठी करून बघायची मला सवय लागली आहे. कागद लांबट, अरुंद. जवळजवळ प्रत्येक ओळीचा खिळा वेगळा. मोठा शब्द असेल तर उंच, चिंचोळी अक्षरं, छोटा असेल तर जाडजूड, पसरट, म्हणजे ओळ या कडेपासून त्या कडेपर्यंत गच्च भरते. एवढी मोठी अक्षरं शिशाची ओतली तर वजन पेलत नाही, म्हणून ती लाकडाची असायची. डेरियस वेल्सने १८२७ मध्ये न्यूयॉर्कमध्येच लाकडी खिळे यंत्रावर झपाट्याने कापायची सोय केली आणि भिंती भरून जाहिराती लागायला लागल्या. तमाशाच्या आणि कुस्तीच्या फडाच्या हँडबिलांना आमच्याकडेही हीच रीत होती: नाव सगळ्यात जाड, बाकीचं जागा उरेल तसं.

पण नुसत्या कागदाने गर्दी होत नसते, हे बार्नमला पक्कं ठाऊक होतं. १८४२ ची जलपरीच बघा. माकडाचं धड आणि माशाची शेपूट बेमालूम जोडलेली तीन फुटांची वाळकी, काळीकुट्ट वस्तू. बॉस्टनच्या मोझेस किंबॉलकडून ती त्याने आठवड्याला साडेबारा डॉलर भाड्याने घेतली. मग न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांसाठी स्वतःच पत्रं लिहिली, पण ती टाकायला लावली दूरदूरच्या गावांतल्या मित्रांना: एक मॉन्टगोमेरीहून, एक चार्ल्सटनहून, एक वॉशिंग्टनहून. पोस्टाचा शिक्का खरा! पत्रात पीकपाणी, व्यापार, राजकारण, आणि मध्येच सहज एक परिच्छेद, की लंडनच्या एका संस्थेचे डॉक्टर ग्रिफिन इथे आलेत आणि त्यांच्याजवळ जलपरी आहे. हे डॉक्टर म्हणजे बार्नमचाच माणूस, लेव्ही लायमन.

खरी कमाल पुढे आहे. बार्नमने जलपरीचे लाकडी ठसे कोरून घेतले आणि रविवारी निघणाऱ्या तीन वर्तमानपत्रांच्या संपादकांना वेगवेगळं गाठून म्हणाला, 'डॉक्टर काही प्रदर्शनाला तयार होत नाहीत, आता हा ठसा माझ्या काय उपयोगाचा? तुम्ही वापरा.' प्रत्येकाला वाटलं, चित्र फक्त आपल्याकडे आहे. रविवारी तिन्ही वर्तमानपत्रांत जलपऱ्या! छापखान्यात वाढलेल्या माणसाला यातली मेख लगेच कळते. त्या दिवसांत चांगला ठसा कोरून घेणं खर्चाचं काम होतं. फुकट आलेला ठसा कोण सोडेल? त्यावर दहा हजार पुस्तिका शहरभर खपवल्या. चित्रांत देखण्या जलपऱ्या, आत ते वाळकं माकड. तरी बार्नमने दिलेला हिशोब असा, की जलपरीआधीच्या चार आठवड्यांत म्युझियमची कमाई १,२७२ डॉलर होती, जलपरी म्युझियमात आल्यावर पहिल्या चार आठवड्यांत ३,३४१ डॉलर झाली. लोक बघून बाहेर पडायचे ते भांडतच, आणि ते भांडण ऐकून पुढचे आत शिरायचे.

एका बेकार माणसाला त्याने रोज दीड डॉलरवर ठेवलं आणि हातात पाच विटा दिल्या. चार विटा रस्त्याच्या चार ठिकाणी ठेवायच्या, पाचवी हातात. प्रत्येक ठिकाणी जाऊन हातातली वीट ठेवायची आणि तिथली उचलायची. कोणी काही विचारलं तर चकार शब्द काढायचा नाही. समोरच्या सेंट पॉल चर्चच्या घड्याळात तास भरला की म्युझियमच्या दारात तिकीट दाखवून आत जायचं, सगळ्या दालनांतून फिरून यायचं आणि पुन्हा विटा. अर्ध्या तासात पाचेकशे माणसं जमली. तो आत गेला की दहाबारा जण तिकीट काढून मागोमाग. पदपथ अडतो म्हणून पोलिसांनी तक्रार केली तेव्हा कुठे ते थांबलं.

लंडनमध्ये वर्तमानपत्री जाहिरातींवर १८५३ पर्यंत कर होता, त्यामुळे भिंती, हातातले फलक आणि जाहिरातीच्या घोडागाड्या यांवर भर. १८४४ मध्ये टॉम थंब नावाच्या बुटक्या मुलाला घेऊन बार्नम तिथे गेला. राणीचं बोलावणं आलं त्या संध्याकाळी त्याने दारावर पाटी लावली: राणीसाहेबांच्या आज्ञेवरून जनरल टॉम थंब बकिंगहॅम राजवाड्यात गेले असल्याने खेळ बंद. बंद दाराची याहून चांगली जाहिरात मला माहीत नाही. दोन वर्षांनी पिकॅडिलीच्या इजिप्शियन हॉलमध्ये त्याचे खेळ चालू असताना त्याच इमारतीत हेडन या चित्रकाराचं प्रदर्शन होतं. हेडनने डायरीत लिहिलंय, टॉम थंबला आठवड्यात १२,००० लोक आणि मला १३३½. अर्धी म्हणजे एक लहान मुलगी. त्याच वर्षी जूनमध्ये हेडनने आत्महत्या केली. कर्जासह कारणं बरीच होती, पण तो आकडा डोक्यातून जात नाही.

आणि ज्यांच्यावर ही जाहिरात उभी राहिली ती माणसं विसरू नका. बार्नमचा पहिला खेळ म्युझियमच्याही आधीचा, १८३५ चा: जॉइस हेथ ही आंधळी, पंगू, गुलाम म्हातारी. वय १६१ वर्षं, अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याला लहानपणी सांभाळलेली दाई, असं सांगून दाखवायचे. बॉस्टनमध्ये गर्दी ओसरली तेव्हा त्याने निनावी पत्र छापून आणलं, की ही बाई नव्हेच, व्हेलचं हाड आणि रबर यांचं यंत्र आहे. बघून गेलेले पुन्हा आले, या वेळी यंत्र आहे का ते तपासायला. ती वारल्यावर शवविच्छेदनालाही ५० सेंट तिकीट लावलं. डॉक्टर म्हणाले, वय ऐंशीच्या वर नाही. तर लायमनने एका संपादकाला पढवलं, की ते प्रेत दुसऱ्याच बाईचं, जॉइस हेथ जिवंत आहे. तेही छापून आलं.

तिचं एक हँडबिल आजही शिल्लक आहे. त्यात छापलंय, की तिचं वजन फक्त ४६ पौंड आहे, आणि तरीही ती अगदी आनंदी असते. ४६ पौंड म्हणजे २१ किलो. कोणी तरी कंपोझिटरने ती ओळ खिळा खिळा उचलून जुळवली असेल.