त्या मीटिंगमध्ये मी मान खाली घातली

"मॅडम, बोलले असते तर नोकरी गेली असती. नाही बोलले, तर झोप गेली."

समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या बाईंनी पहिल्याच भेटीत एवढं सांगून मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

घडलं होतं ते असं. वरिष्ठांनी चुकीचा आकडा पुढे पाठवायला सांगितला, तोही मेलवर. प्रकरण अंगाशी आल्यावर ठपका मात्र हाताखालच्या एका सहकाऱ्यावर ठेवला. भर मीटिंगमध्ये त्याला झापलं, नंतर लेखी ताकीद दिली. तो मेल बाईंनाही आलेला होता.

"त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं. मी वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं."

"काय लिहिलंत?"

"तारीख. तीच तारीख चार वेळा."

तेव्हापासून तीन महिने रात्री अडीचला जाग यायची. मेल उघडायच्या, वाचायच्या, बंद करायच्या. पाठ झाला होता.

"मी भित्री आहे का?" हा प्रश्न अशा वेळी हमखास येतो. मला तो आवडत नाही, कारण उत्तर काहीही दिलं तरी पुढे काही हलत नाही. मी विचारलं, तो मेल आणखी कोणाला आला होता? आणखी दोघांना. तेही गप्पच होते. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञानं 1950 च्या दशकात रेषांची लांबी ओळखायचा एक साधा प्रयोग केला होता. गटातले बाकीचे ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे, आणि मग सुमारे एक तृतीयांश वेळा माणसं डोळ्यांना दिसत असलेलं सोडून त्यांच्या चुकीला मान डोलवायची. पण गटातल्या एकानं जरी खरं उत्तर दिलं, तरी हे प्रमाण झपाट्यानं खाली यायचं. हे मी त्यांचं समाधान करायला सांगितलं नाही. त्या दोघांपैकी कोणाला गाठता येईल, एवढंच मला हवं होतं.

मग कागद घेतला. 'बोलले तर' याखाली त्यांनी भराभर लिहिलं: नोकरी, बढती, वरिष्ठांचा राग. 'गप्प राहिले तर' याखाली पेन अडलं. बऱ्याच वेळानं लिहिलं, 'काही नाही'.

"आणि अडीच वाजता?"

त्यांनी ते खोडलं.

बोला, असं मी एकदाही म्हटलं नाही. नोकरी त्यांची पणाला लागणार होती, माझी नव्हे. शौर्याचे सल्ले देणाऱ्याला ते फुकट पडतात. आम्ही फक्त तयारी केली. स्वतः पाहिलेलं काय आणि कानावर आलेलं काय, हे वेगळं काढलं. 'अन्याय' हा शब्द बाजूला ठेवून मेलची तारीख, वेळ आणि मजकूर एवढंच लिहिलं. वरिष्ठांच्याही वर कोणाकडे जायचं, तोंडी की लेखी, तेही ठरवलं. शिवाय तीनच वाक्यं, मोठ्यानं म्हणून बघायची. पहिल्यांदा त्या दुसऱ्याच शब्दाला अडखळल्या.

दोघांपैकी एकजण तयार झाला. दुसरा म्हणाला, "मला यात ओढू नका."

सहकाऱ्याची ताकीद मागे घेतली गेली. वरिष्ठांना काहीही झालं नाही. बाईंचा त्या वर्षीचा कामाचा शेरा घसरला, दोन-तीन जणी बोलेनाशा झाल्या. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण असल्या गोष्टी टाळ्यांवर संपवायची आपल्याला खोड आहे.

तो सहकारी आभार मानेल असं त्यांना मनातून वाटत होतं. त्यानं विचारलं, "ताई, त्याच दिवशी का नाही बोललात?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"खरं तेच. वहीत तारीख लिहीत होते म्हटलं." तो काही न बोलता निघून गेला.

शेवटच्या भेटीत मी झोपेचं विचारलं.

"लागते. कधीकधी अडीचला जाग येते अजून. पण मेल उघडत नाही." मग थोडं थांबून म्हणाल्या, "काढून मात्र टाकलेला नाही."