गाडी ‘उचलते’ की ‘ओढते’?

प्रश्न असा आहे: नाशिकमध्ये एक वापरलेली नेकेड बाइक (इंजिन उघडं दिसणारी, फेअरिंगचं आवरण नसलेली) बघताना मेकॅनिक म्हणाला, “उचलते मस्त, पण ओढत नाही.” दोन्हींचा अर्थ पिकअपच ना?

नाही. ‘पिकअप’ म्हटलं की हा फरक पुसला जातो. मेकॅनिकने तो नेमका राखलाय.

‘उचलते’ म्हणजे रेस पिळल्याबरोबर वेग चटकन वाढतो. ‘ओढते’ म्हणजे अंगावर ओझं किंवा समोर चढ असताना, कमी आरपीएमलाही (इंजिनाचे मिनिटाला फेरे) गाडी न अडखळता पुढे जाते. दिंडोरी रोडला द्राक्षांचे क्रेट भरलेली ट्रॉली ट्रॅक्टर ‘ओढतो’. तो ‘उचलतो’ असं कोणी म्हणत नाही.

आकड्यांत बघा. केटीएमची 373 सीसीची ड्यूक 390 तिचा कमाल 37 न्यूटन-मीटर टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) 7000 आरपीएमला देते. रॉयल एनफिल्डची जे-सिरीज इंजिनाची क्लासिक 350 देते 27च, पण 4000 ला. नांदुरीहून सप्तशृंग गडाचा घाट डबलसीट चढताना ड्यूक चौथ्या गिअरमध्ये 3000 आरपीएमवर धरली, तर ती गचके खाते आणि चेन खडखडते. क्लासिक तिथे निवांत चढते. ड्यूकमध्ये बिघाड नाही. तिला दुसऱ्या-तिसऱ्यात 5000 च्या वर खेळवायची असते. कावासाकीच्या झेड 900 सारख्या 948 सीसीच्या चार सिलिंडरवाल्या गाडीला हा प्रश्न फारसा पडत नाही, खालच्या आरपीएमलाही तिच्याकडे पुरेसा जोर असतो.

आता व्याकरण, कारण खरी गंमत तिथे आहे. ‘उचलणे’ सकर्मक, पण ‘गाडी उचलते’ यात कर्म गाळलेलं आहे: ती वेग उचलते. भूतकाळात गेलात की अर्थ उलटतो. ‘गाडी उचलली’ म्हणालात तर ऐकणारा विचारणार, टोइंगवाल्यांनी की चोराने? गाडी तिथे कर्म होऊन बसते. म्हणून बोलताना ‘गाडीने पिकअप घेतला’ असंच म्हणतात, आणि ते बरोबर आहे. ‘पुढचं उचलते’ हा आणखी वेगळा प्रकार. जोरदार नेकेड बाइकवर पहिल्या-दुसऱ्यात रेस एकदम पिळली की वजन मागे जातं आणि पुढचं चाक हलकं होतं. अशा वेळी हँडलला लोंबकळू नये. गुडघ्यांनी टाकी आवळावी, कोपरं सैल ठेवावीत, रेस हळूहळू उघडावी. हँडल घट्ट धरलं तर हाताला बसलेला प्रत्येक हिसका चाकापर्यंत जातो.

‘ओढते’लाही दुसरा अर्थ आहे: ‘गाडी डावीकडे ओढते’. हा इंजिनचा विषय नव्हे. मागच्या एक्सलच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत का ते बघा. चेन ताणताना एक बाजू पुढे-मागे राहिली की चाक तिरकं बसतं. मग टायरमधली हवा, मग कोनसेट (हँडल वळतं तिथलं बेअरिंग) आणि फोर्क (पुढचं चाक धरणारे दांडे).

‘ओढत नाही’वर लोक पुढचं स्प्रोकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) एका दात्याने लहान करून घेतात. 15 चे 14 केले तर त्याच वेगाला इंजिन सुमारे 7 टक्के जास्त फिरतं. चढाला सोपं जातं, उचलही वाढते. हायवेला मात्र आवाज आणि कंपनं वाढतात. क्लच न तपासता हे करू नये, असं माझं ठाम मत आहे. क्लच घसरत असेल तर गाडी आवाजावरून उचलल्यासारखी वाटते, प्रत्यक्षात आरपीएमचा काटा चढतो आणि वेग तिथेच राहतो.

म्हणून गॅरेजात नुसतं ‘पिकअप नाही’ म्हणू नका. ‘पाचव्यात 4000 वरून रेस उघडली की आरपीएम उसळतो, वेग वाढत नाही’ असं सांगा. मेकॅनिक आधी क्लच लिव्हरचा प्ले (मोकळी हालचाल) आणि क्लच प्लेटा बघेल. ‘चौथ्यात 3000 ला गचके देते, 5000 ला ठीक’ असं असेल, तर खर्च करू नका, एक गिअर कमी करा.