कटरचे कोपरे जळतायत? मग फीड कमी करू नका

तुमचा प्रश्न असा: मिलिंग मशीनवर १२ मिमीचा चार दातांचा एचएसएस (हाय स्पीड स्टीलचा) एंडमिल, म्हणजे फिरत कापणारा कटर, माइल्ड स्टीलचा जॉब, १००० आरपीएम (मिनिटाला फेरे), मिनिटाला ३० मिमी फीड (कटर जॉबमध्ये पुढे सरकण्याचा वेग). कूलंट (थंड ठेवणारं द्रव) चालू असूनही दातांचे कोपरे निळे पडतात, तर फीड आणखी उतरवू का? अजिबात नको. आरपीएम उतरवा आणि फीड वाढवा.

व्यास गुणिले ३.१४ गुणिले आरपीएम, भागिले १०००, म्हणजे दाताची धार मिनिटाला किती मीटर धावते ते कळतं. तुमची धार जवळजवळ ३८ मीटर धावतेय. साध्या एचएसएसला माइल्ड स्टीलवर २५ च्या आसपास झेपतं. ईएन २४ सारख्या कडक पोलादावर १५ धरा, ॲल्युमिनियमवर ६० च्या वर जायला हरकत नाही. २५ धरून उलटा हिशेब केला तर ६६३ आरपीएम येतात. गिअरबॉक्समध्ये नेमका तो आकडा नसतो, तेव्हा खालचा घ्यायचा, समजा ६३०. खालचाच का, तर अमेरिकन इंजिनिअर टेलरने १९०७ साली मांडलेल्या सूत्रानुसार एचएसएसचा वेग २० टक्के वाढवला तर धारेचं आयुष्य साधारण पाव उरतं. तुम्ही तर दीडपट वेगाने चालवताय.

आता फीड, आणि खरी गोम इथेच आहे. ३० ला दातांच्या संख्येने आणि आरपीएमने भागा: प्रत्येक दाताच्या वाट्याला ०.००७५ मिमी येतं. इतक्या पातळ थरात दात शिरतच नाही, नुसता घासतो. रंध्याचं पातं फार वर घेतलं की लाकूड सोललं न जाता फक्त चकाकतं, तसंच. कापताना तयार होणारी बरीचशी उष्णता चिपबरोबर (कापून निघणाऱ्या धातूच्या तुकड्याबरोबर) निघून जाते. चिपच नीट निघत नसेल तर उष्णता कोपऱ्यातच साठते. या कटरला दातामागे ०.०४ मिमी द्या. ०.०४ × ४ × ६३०, म्हणजे मिनिटाला १०० मिमी. आरपीएम कमी करूनही काम तिपटीहून जास्त वेगाने होईल.

कटरच्या पूर्ण रुंदीचा स्लॉट (खाच) असेल तर ०.०३ पासून सुरू करा आणि खोली व्यासाच्या निम्म्यापेक्षा कमी ठेवा. याउलट, जॉबच्या कडेने फक्त १ मिमी रुंदीचा थर घेत असाल तर चिप आपोआप पातळ पडते, तिथे फीड १.८ पट, म्हणजे १८० पर्यंत नेता येतं. हे बऱ्याच चार्टमध्ये लिहिलेलंच नसतं.

आमच्या बडोद्यात १८९० पासून कलाभवन आहे, आज ते विद्यापीठाची तंत्रज्ञान विद्याशाखा आहे, त्यामुळे ही सूत्रं पाठ असलेली मुलं मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, भरपूर येतात. तरीही मशीनसमोर उभं राहिलं की आवाजाला घाबरून हात आधी फीडकडेच जातो. मला हे फार खटकतं, कारण त्यात चांगले कटर हकनाक वाया जातात.

चालू करण्यापूर्वी एंडमिल कोलेटबाहेर (कटर पकडणाऱ्या भागाबाहेर) गरजेपेक्षा जास्त काढलेला नाही ना, ते पाहा. लांब काढला की थरथरतो आणि धारेचे टवके उडतात. टवके उडणं आणि कोपरा जळणं ही वेगळी दुखणी आहेत. कोपरा पुन्हा निळा पडलाच तर आरपीएम ५०० वर आणा आणि फीड त्याच प्रमाणात ८० करा. एकटं फीड उतरवू नका.