मराठीत भाषांतर केलेल्या चिंता-प्रश्नावलीचा क्रॉनबॅक अल्फा ०.८५ आला. आता ती वैध म्हणता येईल का? (एम.ए. मानसशास्त्र, पुणे)

नाही, अल्फावरून वैधता ठरत नाही. ली क्रॉनबॅकने १९५१ साली मांडलेला हा गुणांक एवढंच सांगतो की तुमची विधानं एकमेकांशी जुळतात, म्हणजे विश्वसनीयतेची एक बाजू. ती नेमकी चिंताच मोजतात की थकवा, की नुसता परीक्षेचा ताण, हे म्हणजेच वैधता, आणि ती त्यात कळत नाही. एकच विधान शब्द फिरवून पाचदा विचारलंत तरी अल्फा छान वर जातो! भाषांतरात तर खरी गोम असते. ‘पोटात फुलपाखरं उडतात’ असं कुणी सदाशिव पेठेतही म्हणत नाही आणि हडपसरलाही नाही. आपल्याकडे पोटात गोळा येतो. त्यामुळे दुसऱ्या कुणाकडून उलट भाषांतर, म्हणजे मराठीतून पुन्हा मूळ भाषेत, करून घ्या, दहा-पंधरा जणांना विधानं वाचायला देऊन त्यांना काय समजलं ते विचारा, आणि मराठीत आधी प्रमाणित झालेली एखादी चिंता-चाचणी मिळाली तर तिच्याशी सहसंबंध काढा, म्हणजे दोन्हींचे गुण कितपत जुळतात ते पाहा. दोन-तीन आठवड्यांनी त्याच लोकांना पुन्हा प्रश्नावली दिलीत तर काळानुसार स्थिरताही दिसेल.

मात्र अल्फा अगदीच कमी आला असता तर एकूण गुणांवर विसंबणं अवघड झालं असतं, तेव्हा ०.८५ वाया गेलेला नाही.

आणखी एक: मूळ चाचणीकर्त्याची परवानगी घेतली आहे ना? अकरावी-बारावीची मुलं नमुन्यात असतील तर त्यांच्या होकाराबरोबर पालकांची लेखी संमतीही लागते. सरांनी तासाला वाटून भरून घेतलेले फॉर्म म्हणजे ऐच्छिक सहभाग नव्हे.