पाठ, पॅकेज आणि लस: कायरोप्रॅक्टिकबद्दल वाचकांचे प्रश्न

पहिल्यांदाच पाठ धरली म्हणून कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हातानं मणके-सांधे हलवून उपचार करणाऱ्याकडे, गेलो. पहिल्याच दिवशी एक्स-रे काढला आणि 'दुखणं परत येऊ नये म्हणून' वर्षभराचं पॅकेज पुढं केलं. घ्यावं का? (एडिसन, न्यू जर्सी)

आधी एक्स-रेचं बघू. पडलेला नाहीत, ताप नाही, वजन उतरलेलं नाही, पूर्वी कॅन्सर झालेला नाही, पायातली ताकद आणि लघवी-शौचावरचा ताबा शाबूत आहे, तर पहिले सहा आठवडे फोटो काढू नये. हे अमेरिकन कायरोप्रॅक्टिक असोसिएशननंच २०१७ साली सांगितलं आणि व्यवसायातल्या एका गटाला ते चांगलंच झोंबलं. या सवयीला सरकारचाही हातभार आहे म्हणा. १९९९ अखेरपर्यंत मेडिकेअरला (अमेरिकेतली ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्यविमा योजना) मणका 'सरकल्याचा' पुरावा एक्स-रेवर लागायचा. अट गेली, अनेक क्लिनिकांतलं मशीन राहिलं.

आता पॅकेज. या कल्पनेत अगदीच दम नाही असं नाही. स्वीडनमधल्या ३२८ रुग्णांच्या चाचणीत (२०१८) ठरावीक अंतरानं उपचार घेणाऱ्यांना वर्षभरात त्रासाचे सुमारे १३ दिवस कमी आले, आणि त्यासाठी सरासरी दोनहून कमी जादा भेटी लागल्या. पण ती माणसं पुनःपुन्हा पाठ धरणारी होती आणि सुरुवातीच्या उपचारांनी त्यांना गुण आलेला होता. तुमची पहिलीच वेळ. महिनाभरात बरं वाटलं तर पॅकेजचा विषयच संपला. वर्षाचे पैसे आगाऊ भरू नका.

मुलगी आठ महिन्यांची आहे. आमचे कायरोप्रॅक्टर म्हणतात, मणका सरळ असला की प्रतिकारशक्ती आपोआप येते, लसी पुढं ढकला. (टोरांटो)

ढकलू नका. वेळापत्रक बालरोगतज्ज्ञाकडून घ्या आणि पाळा. या मताचं मूळ जुनं आहे. १८९५ साली अमेरिकेत, आयोवातल्या डॅव्हनपोर्टमध्ये डी. डी. पामर यांनी हा व्यवसाय सुरू केला, तेव्हा बहुतेक आजार मणके सरकल्यानं होतात असं त्यांचं म्हणणं होतं. लसींना त्यांचा विरोधच होता. आजचे बरेच कायरोप्रॅक्टर हे मानत नाहीत, पण खोड पुरती गेलेली नाही. कॅनडातल्याच ब्रिटिश कोलंबियात २०१८ साली कायरोप्रॅक्टरांच्या नियामक संस्थेच्या उपाध्यक्षांनाच पायउतार व्हावं लागलं, कारण फ्लूच्या लसीपेक्षा फळांची स्मूदी बरी असं सांगणारा व्हिडिओ त्यांनी टाकला होता! तुमच्या ऑन्टारिओत लसीकरण कायरोप्रॅक्टरच्या कार्यकक्षेत बसतच नाही. तिथल्या नियामक संस्थेकडे तक्रार करता येते.

आमचे कायरोप्रॅक्टर बीपी मोजतात, सिगारेट सोडा म्हणून मागे लागतात. हे त्यांचं काम आहे का? (मेलबर्न)

आहे, आणि असा माणूस सोडू नका. पाठीसाठी आलेला रुग्ण महिन्यात चारदा भेटतो, फॅमिली डॉक्टरला वर्षात एकदा. आठवड्याला १५० मिनिटं चाला हे सांगायला याहून बरी जागा कुठली?

माझं निरीक्षण विचाराल तर, मार्गदर्शक सूचना कायरोप्रॅक्टरांच्या बाजूनं बोलल्या की त्या फ्रेम होऊन क्लिनिकच्या भिंतीवर लागतात. पाठदुखीत हातानं करायच्या उपचारांना अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१७ साली आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली जागा दिली, ते कागद मोठ्या कौतुकानं दाखवले जातात. एक्स-रे कमी करा, लस घ्या म्हणणारे कागद कपाटात जातात. म्हणून पहिल्या भेटीत विचारा: 'तुम्ही कोणत्या रुग्णाचा एक्स-रे काढत नाही?' जो चटकन आणि नीट उत्तर देतो, तो चांगला.

रील बघून मान 'कडकन' मोडून घ्यावीशी वाटते. (पुणे)

तो आवाज सांध्यातल्या वायूच्या पोकळीचा, मणका जागेवर बसल्याचा नव्हे. भारतात कायरोप्रॅक्टिकची वेगळी वैधानिक परिषद नाही, तेव्हा समोरच्याची पदवी तुम्हालाच तपासावी लागेल. मानेला झटका दिल्यावर रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना विरळ आहेत, पण आहेत. मान अचानक, कधी नव्हे इतकी दुखत असेल, चक्कर येत असेल, बोलताना जीभ जड होत असेल, तर मानेला कुणालाही हात लावू देऊ नका, थेट हॉस्पिटल गाठा.